डाव्या काखेतली शिवण

मेढा, ता. १७ फेब्रुवारी १९४६

बनुबाई,

मायना न घालता पत्र सुरू केलं म्हणून रागावू नकोस. माझ्यावर रागवायला तुझ्याकडं दुसरी कारणं पुष्कळ आहेत. 'चि. सौ.' लिहायला घेतलं तर गाव म्हणेल, लालासाहेब सुभेदाराला म्हातारचळ लागला. पोराचं तेरावं स्वतः घातलं आणि सुनेला सौ. लिहितो. विधवेला लिहितात ते 'गं. भा.' लिहायला गेलो तर टाक दौतीतच राहिला. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

तू माहेरी गेलीस त्याला दोन वर्षं झाली. पौषातला तो दहावा मी विसरलो नाही. मुडदा नव्हता म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा जाळला होता. ओढ्यावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे बसले होते, पण एक खाली येईल तर शपथ. दुपार कलली तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि मी म्हटलं, उरका. बायकांनी घरी थांबायचं असतं, तरी तू मागून आली होतीस. "मामंजी, त्यो जिता हाय. जित्याला घास कसला घालताय?" असं चारचौघांत म्हणालीस. बांगड्या फोडायला आलेल्या बायांचे हात झिडकारलेस आणि कपाळाला कुंकू तसंच ठेवून सांगलीची वाट धरलीस.

माझ्या खिशात सरकारी कागद होता. सिंगापूर पडलं त्या लढाईत कृष्णात बेपत्ता, बहुधा ठार, असं त्यात होतं. मी शिपाईगडी, जन्मभर सरकारच्या कागदावर चाललो. तू कावळ्यावर चाललीस. त्या दिवशी मला तुझा संताप आला होता, खोटं कशाला सांगू.

परवा साताऱ्यात तुझा भाऊ भाऊसो भेटला. त्यानं आधी तोंड फिरवलं, मग चहा घेतला. म्हणाला, "आबा, तिचं लय वंगाळ चाललंय. हळदीकुंकवाला सुवासिनी म्हनून कोन बलवत न्हाई, आन विधवा म्हनून गप कोपऱ्यात बसू देत न्हाईत. धड हिकडं न्हाई, धड तिकडं न्हाई." मी चहाची बशी तशीच खाली ठेवली.

इकडची हकीकत अशी. आमच्या शाळेचे हेडमास्तर चिंतामणराव, वाईचे, यांच्या डोक्यात आलं आहे की शाळेची एक खोली लढाईच्या आठवणीसाठी ठेवावी. जावळीतल्या घराघरांतून माणसं लढाईवर गेली. परत आलेल्यांनी कुठकुठल्या वर्द्या आणल्या आहेत, त्या टांगाव्यात. मी पलटणीत कपड्यांच्या गोदामावर होतो, म्हणून खरी वर्दी कुठली आणि बनावट कुठली ते सांगायचं काम माझ्याकडं आलं. लोणंदच्या बाजारात एक व्यापारी जर्मन कप्तानाचा डगला म्हणून एक सोनेरी पट्ट्यांचा कोट दाखवत होता. मी खांद्यावरचं कापड बघितलं. एकाच खांद्यावर रुंद पट्टा घासून घासून लव उडालेली. म्हटलं, "हा कप्तान लग्नात ढोल वाजवत होता काय रं?" बाजार हसला. तो कुठल्याशा बँडवाल्याचा कोट होता.

आमची घरधनीण, तुझ्या आत्याबाई, बऱ्या आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, तोंड पहिल्यासारखंच चालतं. उत्तर दे असं म्हणत नाही.

सुभेदार लालासाहेब


मेढा, ता. ९ एप्रिल १९४६

बनुबाई,

तुझं कार्ड आलं. 'पत्र पावलं. लोकांचे कपडे कशाला गोळा करता?' एवढंच. तुझं अक्षर तुझ्यासारखंच आहे, ताठ.

मास्तरांच्या खोलीसाठी करतो, असं मागं लिहिलं होतंच. पाडव्याच्या आधी पाचगणीला जाऊन आलो. तिथल्या एका बोर्डिंगच्या मडमेनं जपानी विमानवाल्याचं जाकीट दिलं, आतून सशाच्या कातड्याचं अस्तर. तिचा भाऊ ब्रह्मदेशातून घेऊन आला होता. ते खरं आहे. खोटं करणारा माणूस बिल्ला नवा लावतो, पण बिल्ल्याखालचं कापड त्याला करता येत नाही. उन्हात वापरलेल्या वर्दीवरचा बिल्ला उचलला की खाली मूळचा रंग गडद राहिलेला दिसतो. गळपट्टीला आतून घामाची पिवळी रेघ असते. माणूस गेला तरी ती जात नाही. इटलीच्या एका कैद्याचा सदराही मिळाला. पाठीवर वेगळ्या रंगाचं भलंमोठं ठिगळ, पळाला तर नेम धरायला सोपं. पाठीकडचं कापड ठिगळासकट उन्हानं विटलं होतं आणि छातीकडचं कमी विटलं होतं. म्हणजे तो बिचारा बराच काळ उन्हाकडं पाठ करून काम करत होता.

एक गोष्ट मात्र तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. केळघरच्या एका जवानानं पांढऱ्या कापडाचा एक लांब पट्टा आणून दिला. मेलेल्या जपानी शिपायाच्या पोटाला बांधलेला होता. त्याच्यावर ओळीनं लाल दोऱ्याच्या गाठी, किती म्हणून सांगू. जवान म्हणाला, त्यांच्यात लढाईला निघालेल्या पोराची आई रस्त्यावर उभी राहते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांकडून एकेक गाठ मारून घेते. मग त्याला गोळी लागत नाही म्हणे.

मी तो खरा की खोटा बघत होतो. तुझ्या आत्याबाई भाकरी टाकून उठल्या, पिठाच्या हातानं त्यांनी तो पट्टा चाचपला. "ह्या गाठी येगयेगळ्या हातच्या हायती," म्हणाल्या. "ही बघा, ही म्हातारीची, सैल हाय. ही कुना पोरीची." मग पट्ट्याच्या टोकापर्यंत एकेक गाठ चाचपत गेल्या. टोकाला येऊन म्हणाल्या, "आवं, हिनं एवढ्या बाया गोळा केल्या, तरी पोर गेलंच की. आपण तर एकट्या बनीच्या हातावर ठिवलं हुतं."

तो पट्टा मी अजून शाळेत नेला नाही. त्यांनी देवघराजवळ खुंटीला लावला आहे आणि काढू देत नाहीत. वैऱ्याच्या पोराला आमच्या घरात दिवा लागतो.

सुभेदार लालासाहेब


मेढा, ता. २ जून १९४६

बनुबाई,

तू पुन्हा तोच प्रश्न विचारला आहेस, आणि खाली लिहिलं आहेस की मास्तरांचं नाव सांगू नका. मास्तरांना मी फसवू शकतो. तुला फसवायला जन्म गेला असता.

तर ऐक. वर्दी हातात आली की मी बटणं बघतो, काजं बघतो, बिल्ला उचलतो. हे सगळं लोकांना दाखवायला. मास्तर मान डोलावतात. त्याच्या आधी, सदरा नुसता उचलल्याबरोबर, माझी बोटं डाव्या काखेत जातात आणि शिवण चाचपतात.

कृष्णात निघाला त्या सकाळी तू काय केलंस ते मी बघितलं होतं. लग्नातल्या हिरव्या खणाच्या चोळीचा कोपरा कापलास, त्यात पालीच्या खंडोबाचा चिमूटभर भंडारा बांधलास आणि त्याच्या सदऱ्याच्या डाव्या काखेत लाल दोऱ्यानं शिवलास. मी ओरडलो होतो, सरकारी कपड्याला घरचा टाका चालत नाही म्हणून. तो हसला. "आबा, साहेब बटनं मोजत्यात. काख कोन बघतंय?" आणि तू त्याला बजावलंस, कापड बदललं की हे उसवून नव्या कापडात घालायचं, माझी आण आहे. तेव्हा मला ते पोरखेळ वाटलं होतं.

आता मी तोच पोरखेळ खेळत गावोगाव हिंडतो. म्हटलं, कुणाच्या ट्रंकेत, कुणी उचलून आणलेल्या कपड्यात ती गाठ लागली तर कळेल तरी. कुठं, कसा, कधी. कागदावर नुसतं 'बहुधा' आहे. एवढ्या एका शब्दावर मी पुतळा जाळला.

आणि माझं मन कशानं हललं तेही सांगतो. लिंब गावचा एक जवान गेल्या मार्गशीर्षात परत आला. त्याचंही तेरावं झालं होतं. दारात उभा राहिला तर आईनं आधी त्याचे पाय उलटे आहेत का ते बघितलं, मग मिठी मारली. ही गोष्ट मोटारीच्या अड्ड्यावर लोक हसत सांगत होते. मला हसू आलं नाही. मी घरी आलो आणि दारातल्या धुळीकडं बघत बसलो.

ती गाठ सापडावी की सापडू नये, हे मला ठरवता येत नाही बनुबाई. मेलेल्याच्या अंगावरून उतरवलेल्या कपड्यात सापडली तर तुझं कुंकू माझ्या हातानं जाईल. नाही सापडली तर तू जन्मभर अशीच उंबऱ्यावर उभी. दोन्ही मला बघवत नाही. हे भाऊसोला वाचून दाखवू नकोस.

लालासाहेब


मेढा, ता. २८ ऑगस्ट १९४६

बनुबाई,

तुझं पत्र आलं. 'सापडलं तर लपवू नका. आत्याबाईंना आधी सांगा, मग मला, मग गावाला.' हुकूम मान्य आहे. सुभेदाराला हुकूम देणारी तू दुसरी. पहिली घरात आहे.

इकडं पावसानं नुसतं मांडलं आहे. शाळेची खोली गळायला लागली म्हणून सगळ्या वर्द्या आमच्या पडवीत आणून वलणीवर टाकल्या आहेत. खाली शेगडी ठेवतो, नाहीतर बुरशी धरते. कापड तापलं की त्यातून घामाचा वास सुटतो. वेगवेगळ्या देशांच्या माणसांचा, पण वास एकच. दिवेलागणीला वारा आत शिरला की बाह्या हलतात. हजेरीला ओळीत उभे असल्यासारखे दिसतात सगळे. काल माझ्या तोंडून नकळत त्याचं नाव गेलं. हजेरी घेताना घेतात तसं, मोठ्यानं. मग मी कान देऊन उभा राहिलो. लाज वाटते सांगायला, पण उभा राहिलो.

तुझ्या आत्याबाई पडवीतून जाताना त्यांच्याकडं पाठ करत नाहीत, आडव्या चालतात. मी म्हटलं, भिता काय? म्हणाल्या, "भ्या कशाचं? पन ह्यांचं सुतक कुनी धरलंच न्हाई की वो. कुनाच्या तरी घरची हायती." मग परवा अमावास्येला त्यांनी पडवीच्या कडेला भाताचा एक मुटका ठेवला. कुणाच्या नावानं ते विचारलं नाही. मांजरानं खाल्ला.

शिवणी चाचपून चाचपून माझ्या बोटांना आता डोळे फुटले आहेत. अजून काही नाही.

लालासाहेब


मेढा, ता. १४ ऑक्टोबर १९४६

चि. सौ. बनुबाई हिस,

हे पत्र बसून वाच. भाऊसोला जवळ बसव, पण वाच तू.

दसऱ्यानंतर एक माणूस आमच्या दारात आला. आकाराम नाव, तासगावकडचा, अंगावर मूठभर मांस नाही. लढाई संपल्यापासून तो इस्पितळातच होता, नुकता सुटला. काखोटीला एक गाठोडं. म्हणाला, "सुभेदारसाहेब, तुमी वर्द्या वळकता म्हनं. ही कुनाची ती वळकू येती का बघा."

मी गाठोडं सोडलं. बनुबाई, तसला कपडा मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. एक बाही जपानी कापडाची, एक आपल्या खाकीची, पाठीला तांदळाचं पोतं, गळपट्टी घोंगडीची. बटणं तीन आणि तिन्ही तीन देशांची. मी गोदामवाला ना! बाहेरूनच बघितलं आणि म्हणालो, "ही वर्दी न्हाई, गोधडी हाय. कुठल्याच फौजेची न्हाई ही. आमाला नको." नेहमी आधी काखेत जाणारी माझी बोटं त्या दिवशी गेली नाहीत. ज्याला आपण वर्दीच मानत नाही त्याची काख काय बघायची? असा माझा मेला शहाणपणा.

आकारामनं पुन्हा घडी घालायला घेतली. तुझ्या आत्याबाई त्याला पाणी द्यायला आल्या होत्या. त्यांना दिसत नाही म्हणून त्या सगळं हातानं बघतात. त्यांनी सहज तो डगला चाचपला आणि तांब्या खाली ठेवला. "आवं," म्हणाल्या, "हितं गाठ हाय."

डाव्या काखेत होती. मी शिवण उसवली. दोरा लाल नव्हता, पोत्याचा होता. आत एक आक्रसलेला तुकडा, मळून काळा पडलेला, आणि त्यात पिवळा खडा, मातीसारखा घट्ट. बोटांवर चुरला तर बोटं पिवळी झाली. आत्याबाईंनी तुझी पेटी उघडली. ती खणाची चोळी तू इथंच टाकून गेली होतीस. तिच्या कापलेल्या कोपऱ्यावर मी तो तुकडा पाण्यानं भिजवून, सरळ करून ठेवला. काठाची रेघ रेघेला लागली. जिथला तिथं बसला. आजवर एवढ्या वर्द्या पारखल्या, पण असली खात्री कधी झाली नव्हती, आणि अशी भीतीही नाही.

आता आकाराम काय म्हणाला ते त्याच्याच तोंडानं लिहितो. तू लपवू नका म्हणालीस.

"सिंगापुरातनं आमाला कैदी म्हनून बोटीत घालून लांब बेटावर न्हेलं. म्या दुसऱ्या पलटणीचा. शेवटाला शेवटाला आमी एका छपरात हुतो. समदी त्येला सातारकरच म्हनायची. कृष्णात नाव ठावं हुतं, गाव काय म्हाईत न्हवतं. कापडं कुजून गेलती. त्येनं माशाच्या काट्याची सुई केली, पोत्याचा दोरा उसवला आन ह्यो डगला शिवला. बाही फाटली की दुसरी जोडायचा. पर आधी काखंतलं गाठोडं हलवायचा, मग बाही. आमी हसायचो. त्यो म्हनायचा, सरकारचा हुकूम मोडीन, बायकूचा न्हाई मोडायचा.

"एकदा म्हनला, आबांनी माझं तेरावं घातलं असंल. आबा कागदावर चालत्यात. पर बनी कुंकू पुसायची न्हाई.

"मग गेल्या सालच्या पाडव्याच्या सुमाराला मला हिवताप भरला. दात वाजायचं थांबंनात. त्येलाबी ताप हुताच. तरी त्येनं ह्यो डगला अंगातनं काढला आन माझ्या अंगावर घातला. म्हनला, उद्या मागं दे, त्येच्यात माझी अमानत हाय. सकाळी म्या उठलो. त्यो उठला न्हाई. आमीच पुरला त्येला, समुद्राकडं तोंड करून. द्यायचं ऱ्हायलं बगा, म्हनून घिऊन आलो."

आकाराम एवढं बोलून रडला. मी रडलो नाही, माझ्याच्यानं झालं नाही. आत्याबाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि शेजारी बसून राहिल्या, पोराला वाढून बसतात तशा. त्यानं दोनदा भाकरी मागितली तेव्हा कुठं त्यांच्या डोळ्याला पाणी आलं.

बनुबाई, पौषात मी ओढ्यावर पिंड ठेवला त्या दिवशी माझा पोरगा जिवंत होता. कुठल्या तरी छपराखाली माशाच्या काट्यानं तुझी गाठ शिवत बसला असेल. उपाशीच असेल. त्याच्या नावानं इथं आम्ही पंगती उठवल्या. कावळ्याला कळलं, तुला कळलं, मला कळलं नाही. मला माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायचं झालं तर तोंडानं मागेन.

वर सौ. लिहिलं आहे ते चुकून नव्हे, आणि तुझी समजूत काढायलाही नव्हे. त्या पौषापासून गेल्या सालच्या पाडव्यापर्यंत तू सौभाग्यवती होतीस. ज्यांनी तुला हळदीकुंकवाला बोलावलं नाही त्यांच्याएवढीच, त्यांच्यापेक्षा जास्तच. ते सव्वा वर्ष तुझं कुंकू खरं होतं आणि माझा कागद खोटा होता. हे सौ. त्या दिवसांचं आहे, माझ्याकडून लिहायचं राहून गेलेलं. पुढच्या पत्रावर काय लिहायचं ते तू सांगशील तसं.

गावाला अजून सांगितलेलं नाही. मास्तरांना सांगितलं, माझ्याच्यानं आता वर्द्या पारखणं व्हायचं नाही. हा डगला त्यांच्या खोलीत जाणार नाही. आत्याबाईंनी तो तुकडा भंडाऱ्यासकट होता तसा बांधून पुन्हा काखेत शिवला आहे, लाल दोऱ्यानं, अंदाजानं. टाके वाकडे आलेत. येत्या आदितवारी आम्ही दोघं तो घेऊन सांगलीला येतो. भाऊसोनं दारात उभं केलं नाही तर बाहेर बसू.

तू परत यावंस असं म्हणायचा मला हक्क नाही. पण त्याच्या नावानं पुन्हा घास ठेवायचा आहे, खरा, तू म्हणशील त्या दिवशी आणि तू म्हणशील त्या काठावर. दर्भ कुणाला आणू देणार नाही. कावळा येईपर्यंत मी बसून राहीन.

कृष्णातचा आबा